‘नुसती गोळी गिळायची’

‘काही नाही हो आक्का, नुसती एक गोळी गिळायची. दुखत नाही, खुपत नाही, भूल नाही. संध्याकाळी घरी.’

कॅप्सूल एंडोस्कोपीबद्दल आपल्या बायकांना जे सांगितलं जातं ते एवढंच. मी ही तपासणी करून घेतली आहे. बेळगाव, निपाणी, चिकोडी या भागातल्या आमच्या नात्यातल्या आणि ओळखीतल्या चार-पाच जणींनीही करून घेतली, आणि त्यांच्याशी मी निवांत बसून बोलले आहे. त्या जोरावर सांगते, की वरच्या वाक्यातला शब्द न् शब्द खरा आहे आणि तरी ते वाक्य बाईला फसवतं. गिळणं सोपंच आहे. त्या गोळीपाशी पोचायला बाईला किती वर्षं लागतात आणि पोचल्यावर तिला किती गोष्टी सांगायच्या राहतात, हे त्यात झाकलं जातं.

आधी ही गोळी म्हणजे काय ते सांगते, कारण मला ते कुणी सांगितलं नव्हतं, विचारून विचारून काढावं लागलं. तोंडातून घालतात ती दुर्बीण जठर ओलांडून थोडं पुढे जाते. खालून घालतात ती मोठं आतडं बघते. मधलं लहान आतडं, जवळजवळ वीस फूट लांबीचं, या दोन्हींच्या हाताला नीट लागत नाही. त्यासाठी ही कॅप्सूल. साधारण सव्वीस मिलिमीटर लांब, अकरा मिलिमीटर जाड. आत कॅमेरा, दिवे, बॅटरी आणि चित्रं बाहेर पाठवणारं यंत्र. पोटावर पट्टा बांधतात, खांद्याला एक डबी अडकवतात, चित्रं त्या डबीत साठतात. सेकंदाला दोन चित्रं धरली तरी आठ तासांत सत्तावन्न हजारांवर जातात. गॅव्रिएल इद्दान नावाच्या इस्रायली अभियंत्याच्या डोक्यातून ही कल्पना निघाली. त्यांचं मूळचं काम क्षेपणास्त्रांच्या ‘डोळ्यांचं’. २००१ साली अमेरिकेत या तपासणीला परवानगी मिळाली. म्हणजे क्षेपणास्त्राचा डोळा बारीक होऊन आतड्यात शिरला त्याला वीस वर्षं उलटली, आणि आमच्या गल्लीत अजून म्हणतात, ‘बायकांचं रक्त कमीच असतंय की हो!’

माझं पहिलं भांडण या वाक्याशी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयातल्या शंभरातल्या सत्तावन्न स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या पुरुषांत शंभरात पंचवीस. हा आकडा वाचून झोप उडायला हवी. आपल्याकडे उलटं झालं. इतक्या जणींना आहे म्हटल्यावर ते दुखणंच राहिलं नाही, बाईपणाचा भाग होऊन बसलं. धाप लागते? वय झालं. चक्कर येते? काल एकासन होतं. कच्चे तांदूळ, माती, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते? खोड आहे तिची लहानपणापासूनची. ही खोड नसते, शरीरात लोह कमी पडल्याची ती खूण असू शकते, हे सांगणारं माणूस घरात नसतं. दवाखान्यात असतं, पण त्याला वेळ नसतो.

पाळी चालू असलेल्या बाईचं रक्त पुष्कळदा पाळीमुळेच कमी होतं, हे मला मान्य आहे. पण पाळी थांबलेल्या बाईचं? तिचं रक्त कुठल्या वाटेने जातंय? लोह कमी असलेला पुरुष आणि पाळी गेलेली बाई, दोघांचंही पोट वरून आणि खालून तपासा, असं पोटविकाराच्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शिका सांगतात. पुरुषाच्या बाबतीत ते लगेच होतं. त्याचं हिमोग्लोबिन नऊवर आलं की घरात धावपळ होते, कोल्हापूरला नेऊ की पुण्याला, असं चालतं. बाईचं सातवर आलं तरी बीट, गूळ आणि खजूर! आमच्या नात्यातल्या एका वैनीची तर ‘अंगावरून फार जातं’ म्हणून पिशवी काढली. पिशवी गेली, पाळी गेली, रक्त तरीही कमीच. चार वर्षांनी कळलं, की ते लहान आतड्यातून झिरपत होतं. म्हशीला आजार आणि पखालीला इंजेक्शन म्हणतात ते हेच.

झिरपणारं हे रक्त डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आणखी अवघड. कधी शौचाला काळं होतं, तेवढीच खूण. पण लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळपट होते. बाई लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षं खातेय, त्यामुळे काळ्या रंगाचं कुणाला काही वाटत नाही, तिला स्वतःलाही नाही. आणि आपण बायका गुडघेदुखी अन् लेकराबाळांची दुखणी तासन्‌तास बोलू, पण संडासातलं बोलणं आलं की तोंडाला पदर. डॉक्टर पुरुष असला आणि शेजारी जावई बसलेला असला, तर झालंच! ही लाज सोडा, असं मी नुसतं बायकांना सांगणार नाही. जावयाला बाहेर बसवून बाईला एकटीला विचारणं हे डॉक्टरांचं काम आहे.

आता उपवासांबद्दल. हा विषय नाजूक आहे, म्हणून स्पष्ट बोलते. माझी पाळी एकोणपन्नासाव्या वर्षी थांबली. त्यानंतर तीन वर्षं माझं रक्त घटत राहिलं. शिरेतून लोह दिलं की वर चढायचं, काही महिन्यांत पुन्हा खाली. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न, ‘जैन का? उपवास करता का?’ मी हो म्हटलं की डॉक्टरांचं पेन खाली. कारण सापडलं! पुढे तपासायची गरजच उरली नाही. मी एक वही ठेवली होती. एका बाजूला प्रत्येक उपवास आणि एकासन, दुसऱ्या बाजूला प्रत्येक रक्ततपासणी. त्या वहीत सरळ दिसत होतं, की दशलक्षण पर्वानंतर माझं हिमोग्लोबिन जवळजवळ दहा होतं आणि एकही उपवास नसलेल्या महिन्यांत ते साडेसातच्या खाली आलं. दोन डॉक्टरांनी ती वही उघडून पाहिली नाही. तिसऱ्याने पाहिली, आणि पुढच्याच आठवड्यात दोन्ही दुर्बिणी झाल्या. त्यात काही निघालं नाही, म्हणून मग कॅप्सूल. लहान आतड्याच्या मधल्या भागात रक्तवाहिन्यांचा लाल कोळ्यासारखा एक गुंता दिसला. लांब दुर्बीण तिथवर नेऊन तो डागून बंद केला. आज माझं रक्त बाराच्या आसपास आहे. असे गुंते पुन्हा होऊ शकतात म्हणून दर काही महिन्यांनी तपासते.

आमच्या व्रतांवर खापर फोडून तपासणी टाळणं हा आळस आहे, मग तो कितीही मोठ्या पदवीखाली दडवा. पण तितक्याच जोराने मला समाजालाही सुनवायचं आहे. सात हिमोग्लोबिन असलेल्या बाईने दहा उपवास केले की आपण तिची मिरवणूक काढतो, साडी-नारळ देतो, ‘केवढी तपस्वी!’ म्हणतो. तिला धाप का लागतेय हे त्या मांडवात एकही माणूस विचारत नाही. सोळाकारण भावनांत तपाच्या मागे ‘शक्तितः’ हा शब्द जोडलेला आहे. शक्ती बघून तप. ती शक्ती मोजायला आज एक थेंब रक्त पुरतं. पर्वाच्या आधी स्थानकात, बस्तीत, मंगल कार्यालयात पूजेची तयारी होते, मांडवाची होते, आचाऱ्याची होते. रक्ततपासणीचं एक टेबल मांडायला कुणाची हरकत आहे?

तपासणीच्या दिवसाकडे येते. ‘नुसती गोळी’ म्हणणाऱ्यांनी हा दिवस आमच्या बाजूने कधी बघितलेला नाही. आदल्या दिवशी हलका आहार, मग पोट साफ करायचं औषध लिटर-दोन लिटर पाण्यातून, बहुतेक ठिकाणी संध्याकाळी किंवा रात्री. आता जी बाई सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब घेत नाही, तिने ते कधी प्यायचं? निपाणीकडच्या एका मावशींनी अर्धंच प्यायलं, दिवस मावळला आणि पेला बाजूला ठेवला. आतडं साफ झालं नाही, चित्रं गढूळ आली, आणि कागदावर शेरा आला, ‘रुग्णाने तयारी नीट केलेली नाही.’ हा शेरा तयारीचा कागद देणाऱ्यावर मारायला हवा होता. मी माझ्या वेळी आधीच विचारलं, ‘दुपारी सुरू करून पाचपर्यंत संपवलं तर चालेल का?’ डॉक्टर म्हणाले, ‘चालेल की.’ एवढं सोपं होतं! पण विचारलं म्हणून. मावशींना तर विचारता येतं हेच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या एकीला कॅप्सूल दिली दुपारी तीन वाजता. गिळल्यावर साधारण दोन तासांनी पाणी आणि चार तासांनी हलकं खाणं, असा रिवाज. चार तासांनी वाजले सात. दिवस मावळलेला. पाच वाजता घोटभर पाणी घेतलं तेवढंच. आदल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी खाल्लेली ती बाई दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत, छत्तीस तासांवर, जुलाबाने रिकाम्या झालेल्या पोटाने राहिली, तीही रक्त सातवर असलेली. हीच गोळी सकाळी आठला दिली असती तर दुपारी बाराला ती जेवली असती. यात कुठलंही यंत्र लागत नाही, खर्च लागत नाही. वेळ देताना एक प्रश्न विचारावा लागतो.

आमच्या प्रश्नांना दवाखान्यात हसतात, तेही बंद व्हायला हवं. ‘गोळीचं वरचं टरफल कशाचं आहे?’ असं एका आजींनी विचारलं तर तिथला मुलगा फिसकन हसला. औषधाच्या कित्येक कॅप्सूलांची टरफलं जिलेटिनची असतात, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. जन्मभर अहिंसा पाळलेल्या बाईने हे विचारलं तर त्यात हसण्यासारखं काय आहे? कॅमेऱ्याच्या कॅप्सूलचं आवरण प्लास्टिकचं असतं, ती पोटात विरघळत नाही, जशी आत गेली तशी बाहेर येते. दोन वाक्यांचं उत्तर. दुसऱ्या एकीला वाटत होतं, की ही आधी दुसऱ्या कुणी गिळलेली, धुतलेली तर नसेल? आणि आपलीही धुऊन परत द्यायची का? शुचिर्भूतपणा पाळणाऱ्या बाईला हे वाटणारच. प्रत्येकाला नवी कोरी कॅप्सूल असते, चित्रं आधीच डबीत आलेली असतात, शौचावाटे पडली की काम संपलं. पण हे विचारायची तिची छाती झाली नाही, आणि आठवडाभर तिच्या अन्नावरची वासना उडाली होती.

‘काही होत नाही’ असं म्हणत जे खरोखर सांगायला हवं तेही गिळलं जातं. शंभरात एखाद-दोन जणांत ही कॅप्सूल आत अडकते. आतडं कुठे अरुंद झालेलं असेल, म्हणजे आतड्याचा क्षय, क्रोन नावाचा आजार, आधीची पोटाची शस्त्रक्रिया, वर्षानुवर्षं घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या, तर धोका वाढतो. अशी शंका असेल तर आधी विरघळणारी एक चाचणी-गोळी देऊन वाट मोकळी आहे का बघता येतं. कॅप्सूल बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करायचा नाही. पोटात मुरडा, उलट्या सुरू झाल्या तर लगेच कळवायचं. पंधरा दिवसांत पडल्याचं दिसलं नाही तर एक्स-रे काढून बघायचं. गुडघ्यांसाठी दहा-दहा वर्षं दुखण्याच्या गोळ्या खाणाऱ्या किती बायका तुमच्या ओळखीत आहेत ते मोजा, आणि त्यातल्या किती जणींना हे कुणी सांगितलं असेल याचा अंदाज करा.

सांगितलं नाही तरी सही मात्र घेतलेली असते. कागद इंग्रजीत, कधी खाली कन्नडमध्ये दोन ओळी. माझं कन्नडशी भांडण नाही, माझ्या आजीची ती बोली होती आणि आमच्या घरात दोन्ही भाषा एका ताटात जेवतात. पण इंग्रजी कागदावर ‘इथे करा’ म्हणून बोट ठेवायचं, आणि बाई चष्मा शोधतेय तोवर लेकाने सही करून मोकळं व्हायचं, याला संमती म्हणत नाहीत. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या बाईच्या वतीने नातेवाइकाने दिलेली संमती चालत नाही, आईने दिलेलीसुद्धा नाही, असं २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका रुग्ण स्त्रीच्या खटल्यात बजावलं आहे. शरीर तिचं, प्रश्न तिचे, सही तिची. मराठीत समजावून सांगा, कन्नडमध्ये सांगा, तिला कळेल अशा भाषेत सांगा. आणि पट्टा बांधायच्या वेळी पडदा ओढा, ‘बांधू का?’ म्हणून विचारा.

दवाखान्याला बोलून झालं, आता घराला. तपासणी दुखत नाही याचा घरात सोयीचा अर्थ निघतो. ‘दुखत नाही ना? मग जाता जाता भाकरी टाकून जा.’ पोटाला पट्टा, खांद्याला डबी आणि हातात पीठ, असा दिवस काढलेली बाई मी पाहिली आहे. वाकू नका, जड उचलू नका, असं त्या दिवशी सांगतात. कुणाला? तिला. सांगायला हवं ते घरातल्या इतरांना.

आणि पैसा. कॅप्सूल एकदाच वापरायची असल्याने तपासणी महाग आहे, हजारो रुपयांची आहे, हे खरं. ज्यांच्याकडे नाहीत त्यांच्यावर माझा रोख नाही. ज्यांच्याकडे आहेत त्यांच्यावर आहे. पंचकल्याणकात सवाल बोलताना ज्यांचा आवाज सभामंडप भरून उरतो, ते घरच्या बाईची तपासणी निघाली की म्हणतात, ‘आणखी सहा महिने लोहाच्या गोळ्या घेऊन बघूया.’ त्या सहा महिन्यांत ती जिना चढताना दोनदा बसते. दानाला मी कमी लेखत नाही. औषधदानही आपल्या चार दानांतलं एक आहे, एवढीच आठवण करून देते. ते घरापासून सुरू करायला कुठल्या शास्त्राची आडकाठी नाही.

उद्या कुणी म्हणेल, ही बाई दवाखान्यांची जाहिरात करतेय. नाही. ऊठसूट कॅप्सूल गिळा असं मी म्हणत नाही. ती आधी करायची तपासणी नाही. आधी रक्त, लोहाचा साठा, पाळीची चौकशी, मग वरची-खालची दुर्बीण, आणि त्यातून उत्तर मिळालं नाही आणि रक्त घटतच राहिलं तर ही. तिला तुकडा काढता येत नाही, उपचार करता येत नाही. कधी शेवटपर्यंत पोचायच्या आत बॅटरी संपते, कधी काहीच सापडत नाही. आमच्यातल्या दोघींना काही सापडलं नाही. तरी त्यातली एक मला म्हणाली, ‘काही निघालं नाही, पण कुणीतरी शोधलं तरी.’ हे ऐकून मला राग आला. तिच्यावर नाही. साठीच्या बाईला आपलं दुखणं कुणीतरी शोधलं याचंच अप्रूप वाटावं, अशी वेळ तिच्यावर आणणाऱ्या सगळ्यांवर.

म्हणून मैत्रिणींनो, एक वही करा. रक्ताचे आकडे तारखेसकट लिहा, पाळी लिहा, उपवास लिहा, दुखण्याच्या गोळ्या लिहा, शौचाचा रंगसुद्धा लिहा. पाळी गेल्यावरही रक्त कमी निघालं तर ‘गोळ्या द्या’ म्हणू नका, ‘कुठून जातंय?’ म्हणून विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका. कॅप्सूलची वेळ ठरली तर सकाळची मागा. आम्ही रात्री पाणी घेत नाही, हे आधी सांगा. अडकली तर काय करायचं ते विचारा, फोन नंबर लिहून घ्या, सही स्वतः करा. आणि पुढच्या वेळी कुणी तुमच्या देखत ‘बायकांचं रक्त कमीच असतंय’ म्हणालं, तर तिथल्या तिथे म्हणा, ‘असत नाही. जातंय. कुठून जातंय ते शोधा.’